अंबुयाचं कार्ड

पैज अशी ठरली: हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला पाठीवर घ्यायचं आणि गिरणीपासून गोचिडांच्या औषधात गुरं बुडवायच्या हौदापर्यंत, सगळ्या दुकानांसमोरून, गाढवासारखं ओरडत जायचं.

"दोन महिन्यांत अंबुयाच्या हातात कार्ड," मी म्हटलं. "दोन्ही सुयांचं. शिक्क्यासकट."

हार्डवर्क इतका हसला की त्याची प्लास्टिकची खुर्ची मागे कलली. "अरे सोको, ती म्हातारी पायात काटा मोडला तरी सुईने काढत नाही. प्रार्थना करून काढते!"

गिरणीच्या ओसरीवर बसलेले सगळे खिदळले. मीही खिदळलो. माझं कूळ सोको, म्हणजे माकडाचं, आणि आमच्याकडे कुळाच्या नावाने हाक मारणं हा मान असतो. हार्डवर्क हाक मारायचा तेव्हा मात्र त्यात मान औषधालाही नसायचा.

हा हार्डवर्क आमच्या गावचा आरोग्यसेवक. बापाने कष्टाचं नाव ठेवलं आणि पोराला काम मिळालं खुर्चीत बसायचं. आमच्याकडे थंडी जून-जुलैत, आणि त्या थंडीत रोगाने गावातली नऊ माणसं नेली होती. त्यातल्या सात कबरी मी खणल्या. मग सुईची गाडी आली. लोकांनी रांगा लावून दंड पुढे केले, कार्डं मिळाली, आणि कार्डांच्या मागोमाग फाटकं आली. बी-खताच्या डेपोला फाटक, बाजाराच्या शेडला फाटक. हार्डवर्क वही घेऊन फाटकात. कार्ड दाखव, आत जा. कार्ड नाही तर ऊन खा.

"गावात मोठी माणसं दोनशे बारा," तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा, "आणि कार्डं एकशे नव्वद. आता रोग आलाच तर बसेल कुणाच्या अंगावर?"

त्याच सकाळी त्याने अंबुयाला फाटकातून परत लावलं होतं. अंबुया म्हणजे माझ्या दोस्ताची, चाकानेत्साची आई. अंबुया म्हणजे आजी, पण तिला अख्खं गावच अंबुया म्हणायचं. त्यांच्या शेताचा कागद तिच्या नावावर, म्हणून मक्याचं बी आणि खत तिच्याच अंगठ्यावर मिळायचं. तासभर चालून आली होती, पांढऱ्या झग्यात, अनवाणी. तिच्या पंथात झगा एकदा अंगावर घेतला की गोळी, बाटली, सुई, सगळं वर्ज्य. तिने भांडण केलं नाही. फक्त पाणी मागितलं. हार्डवर्कने बाटली उंच धरली आणि हातभर लांबून तिच्या ओंजळीत धार सोडली. अर्धं पाणी झग्यावर. ती प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "देव तुझं भलं करो, पोरा." आणि आल्या वाटेने परत गेली.

मला तिचा कळवळा आला. आणि खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त मला हार्डवर्कला ओरडताना ऐकायची हौस आली.

चाकानेत्साच्या घराचा मी सहविरा. हे नातं बापांपासून आलेलं. त्यांच्या घरात कुणी गेलं की मढं पहिलं मी उचलायचं, कबर मी खणायची, आणि रडणाऱ्यांना हसवायचं कामही माझंच. मी मेलेल्याची टर उडवली तरी त्या घरातल्या कुणी चकार शब्द काढायचा नाही. मग जिवंत माणसांची तर रोजच उडवायचो.

दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन त्यांच्या शेतावर गेलो. त्या वर्षी नियमच होता: आधी खड्डे खणा, मग बी मागा. दोरी धरून, एका मापाने, एका तुकड्यात चौदाशेच्या वर खड्डे. ऑक्टोबरची, पावसाआधीची कोरडी जमीन. कुदळ मारली की टणकन उडून कपाळाकडे यायची. पुढे चाकानेत्सा दोरी धरून, मधे त्याची बायको, न्याशाची आई म्हणून मै न्याशा, शेणाची टोपली डोक्यावर घेऊन, आणि मागे अंबुया. सत्तर वर्षांची बाई, पण तिची कुदळ पडायची ती एकाच लयीत. तिच्या तळव्याला मधोमध एक चीर होती, त्यात ती मेंढीची चरबी भरायची आणि चिंधी बांधायची.

"सहविरा, आईला तूच समजव," चाकानेत्सा घाम निपटत म्हणाला. "डेपो म्हणतो कार्ड, ही म्हणते झगा. खड्डे तर खणून ठेवले, आता पेरू काय त्यात? हार्डवर्कचं डोकं?"

"उगवायचं नाही," मी म्हटलं. "पोचट बी आहे."

मागून अंबुया हसली. हसली तरी कुदळीची लय तुटली नाही.

चाकानेत्सा बैल बघायला ओढ्याकडे गेला आणि मै न्याशा टोपली भरायला, तेव्हा मी म्हातारीच्या शेजारच्या खड्ड्याशी गेलो. "अंबुया, एक सुई. मुंगी चावल्यासारखी."

"माझे दोन मुलगे मोठ्या हॉस्पिटलात गेले," ती म्हणाली. "थोरले दोघे. त्यांच्या हातात सुया होत्या, नाकात नळ्या होत्या. दोघंही तिथून झाकून आले. त्यानंतर मी बसले ती वर्षभर उठलेच नाही. मला उठवलं या झग्याने. सुई घेतली तर झगा उतरवावा लागेल, माकडा. आणि झगा उतरवला की मी पुन्हा बसेन."

ती मला माकडा म्हणायची. तिच्या तोंडून गोड लागायचं.

"मग झगा तू घाल," मी म्हटलं, "आणि तुझा तो निळा फ्रॉक मला दे. डोक्याचा रुमाल दे. ओळखपत्र दे."

तिला जरा वेळ लागला. मग तिने कुदळ टाकली आणि खड्ड्याच्या काठावर बसून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी, हातातली चिंधी तोंडावर. "तुझी ढेरी मावेल का रे त्यात?"

"श्वास धरीन."

"आणि मिशी?"

"मास्क आहे ना तोंडाला. देवाने रोग दिला तसा मास्कही दिला."

हसता हसता ती थांबली. "पण खोटं मी बोलणार नाही हं. कुणी विचारलं तर सुई घेतली असं माझ्या तोंडून निघणार नाही."

"तू नुसतं कार्ड दाखव. बोलायचं काम कार्ड करेल."

"आणि चाकानेत्सा?"

"त्याला सांगितलं तर त्याचं तोंडच सगळीकडे सांगत फिरेल. दोघांतच राहू दे."

सुईची गाडी महिन्यातून एकदा नदीपलीकडच्या शाळेत यायची. तिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं. झुडपात कपडे बदलले. फ्रॉक बगलेत उसवला. रुमाल भुवयांपर्यंत ओढला, मास्क डोळ्यांपर्यंत चढवला, पाठीत वाकलो, काठी धरली आणि रांगेत जाऊन बसलो. शेजारची म्हातारी म्हणाली, "ताई, तुमचे पाय केवढे मोठे हो." मी बारीक आवाजात म्हटलं, "सात पोरं काढली, बाई. पायच पसरतात."

नर्स जिल्ह्याची, तरुण, दमलेली. ओळखपत्रावरचा फोटो वीस वर्षांपूर्वीचा. तिने बाही वर केली. "अंबुया, दंड आहे की बैलाचं वशिंड?"

"खड्डे खणते ना, पोरी. चौदाशे."

बाहेरची रांग हसली. कापूस फिरला, सुई गेली, शिक्का पडला. माझ्या स्वतःच्या दोन सुया आधीच झाल्या होत्या. ही तिसरी. चार आठवड्यांनी त्याच फ्रॉकात चौथी. त्या दिवशी अंग थोडं तापलं, एवढंच.

दोन महिने पुरे व्हायला सहा दिवस होते तेव्हा अंबुया कार्ड घेऊन डेपोच्या फाटकात उभी राहिली. हार्डवर्कने कार्ड उलटून पाहिलं, उजेडात धरलं, शिक्क्यावर थुंकी लावून बोट घासलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"अंबुया, खरंच टोचून घेतलं?"

"कार्डावर काय लिहिलंय, पोरा?"

"दोन."

"मग वाच आणि बाजूला हो. ऊन लागतंय."

बी मिळालं, खत मिळालं. आणि शनिवारी, बाजारच्या गर्दीत, हार्डवर्क माझ्यासमोर पाठ करून वाकला. त्याचे गुडघे खराब आहेत हे मला माहीत होतं. तरी मी आदल्या रात्री दोन ताटं साड्झा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, जास्त खाल्ला होता. त्याने ओरडायला तोंड उघडलं तर पहिला आवाज बकरीसारखा निघाला. "हे गाढव नाही!" मी वरून ओरडलो. "गाढव पाहिजे!" मग त्याने गाढव काढलं. दुकानदार दारात आले, न्हाव्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने बाहेर आलं. हौदापाशी त्याने मला उतरवलं तेव्हा त्याचे पाय थरथरत होते आणि तो मान वर करत नव्हता. मी टोपी काढून लोकांना सलाम केला. असा दिवस आयुष्यात एखादाच येतो.

संध्याकाळी चाकानेत्सा माझ्या घरी आला. हातात कोंबडी, पायाला दोरी बांधलेली. "ही तुझी," म्हणाला. "बी-खताचं सोड, सहविरा. थंडीत तू कबरी खणत होतास तेव्हा मी एकच विचार करायचो, पुढची माझ्या आईची. आता निवांत झोपतो." मी कोंबडी घेतली. काय करणार? त्याच्या घरून माझ्यासाठी कोंबडी येते हे काही नवीन नव्हतं.

मका वीतभर वर आला तेव्हा डिसेंबर अर्धा सरला होता, आणि सीमेपलीकडे जोबर्ग शहरात कामाला गेलेली पोरं नाताळला घरी यायला लागली. गाड्यांच्या टपावर गाद्या, सायकली, पत्र्याच्या ट्रंका. चाकानेत्साचा धाकटा भाऊ गारिकाई तीन वर्षांनी आला. त्याच्याकडे फोनमध्ये कार्ड होतं, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचं. हार्डवर्कने ते असं बघितलं की जणू तिथे देव उमटलाय.

"हे खरं कार्ड," तो आम्हाला म्हणाला. "शिका."

गारिकाईने बाजाराच्या शेडमध्ये जेवण दिलं. भात, कोंबडी, नारंगी सरबत. फाटकात हार्डवर्क, एकेक कार्ड तपासून आत सोडत होता. आतून कुणीतरी विचारलं, "मास्क?" तेव्हा तोच म्हणाला, "आत सगळे कार्डवाले आहेत. भ्यायचं कुणाला? काढा."

काढले. दीडशे माणसं, पत्र्याचं छप्पर, बाहेर पावसाची झड म्हणून खिडक्या लावलेल्या. गाणी सुरू झाली.

अंबुया अशा ठिकाणी रोगाचं वर्ष लागल्यापासून आली नव्हती. कार्डच नव्हतं तर येणार कशी? तोवर तिची प्रार्थना झाडाखाली, उघड्यावर, वाऱ्यात व्हायची. आज कार्ड होतं. चाकानेत्साने तिला हाताला धरून आत आणलं, पुढची खुर्ची दिली, गारिकाईच्या शेजारी. पोराने दाढी राखली होती. ती त्याच्या दाढीवरून हात फिरवत राहिली. तो मधून मधून खोकायचा.

"रस्त्याची धूळ," तो म्हणाला.

"पाणी पी," ती म्हणाली, आणि आपला पेला त्याच्या तोंडाला लावला. मग उरलेलं स्वतः प्यायली.

मी पलीकडे बसून कोंबडीची मान चोखत होतो. पाहत होतो. तेव्हा मला काही वाटलं असतं तर मी आज हे वेगळं सांगितलं असतं. काहीच वाटलं नाही.

चौथ्या दिवशी अर्ध्या गावाचं नाक वाहायला लागलं. मी एक दिवस तापलो, दुसऱ्या दिवशी उठून बकरी दोहली. चाकानेत्सा तीन दिवस पडून होता. त्यातल्या तिसऱ्या दिवशीही उठून शेतात गेला, कारण पाऊस नीट लागला होता आणि तण मक्याच्या डोक्यावर चढायला निघालं होतं. गारिकाई दोन शिंका देऊन बरा. लोक आपसांत हसायचे, कार्डवाला रोग आहे, फाटकात विचारून आत येतो.

अंबुया मात्र उठेना.

आम्ही तिला गाढवगाडीत घालून दवाखान्यात नेलं. चिखलात चाक रुतायचं, मी आणि चाकानेत्सा खांदा लावायचो. प्रत्येक धक्क्याला तिच्या छातीतून आवाज यायचा, भिजल्या चुलीत फुंकणी मारल्यासारखा. दवाखान्याच्या पायऱ्यांवर माणसं बसलेली. दारात हार्डवर्क, वही घेऊन, तोंडाला फडकं.

सिस्टरने बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला, ओठ मुडपले. "काठावर आहे. सुया झाल्यात?"

"दोन्ही," चाकानेत्साने कार्ड पुढे केलं. घडी पडू नये म्हणून त्याने ते प्लास्टिकमध्ये घालून ठेवलं होतं.

सिस्टरने ते पाहिलं आणि तिचे खांदे जरा सैल झाले. "हे बघा. आता आलाय तो नवीन रूप घेऊन आलाय. टोचलेल्यालाही धरतो. पण टोचलेल्याला आडवा करतो, गाडत नाही. जिल्ह्याची गाडी उद्या येईल, दोन जागा आहेत. न टोचलेली म्हातारी माणसं आधी पाठवायची असं सांगितलंय. यांना घरी न्या. पालथं निजवा, पाणी पाजत राहा."

"ऐकलंस?" चाकानेत्सा माझ्याकडे वळला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर रंग आला होता. "आडवा करतो, गाडत नाही."

माझ्या अंगात चार सुया. तिच्या अंगात एकही नाही. कागदावर दोघांच्या दोन-दोन.

मी तोंड उघडलं. समोर हार्डवर्क होता. खोट्या कार्डाला कैद होती, हे त्यानेच फाटकावर लिहून लावलं होतं. त्या शनिवारी माझ्या वजनाखाली थरथरलेले त्याचे पाय मला दिसले. आणि चाकानेत्साचं ते तोंड. मी तोंड मिटलं. अंबुया गाडीतून माझ्याकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी चाकानेत्साच्या शेतात खुरपायला गेलो. करणार काय, घरी बसवेना. दोघं शेजारच्या ओळींत. तो खोकायचा, थुंकायचा, पुढे सरकायचा. "आज जरा पेज घेतली तिने," म्हणायचा. "दोन दिवसांत उठेल." मी मुळासकट तण उपटत होतो आणि मक्याची दोन रोपंही त्याबरोबर उपटली. तो म्हणाला, "अरे, तो मका आहे." मी म्हटलं, "दिसलं नाही." माझ्या तोंडून एकही विनोद निघाला नाही, तर त्याने विचारलं, "तुला परत ताप आलाय का?"

दुपारी पाणी प्यायला झोपडीकडे गेलो. अंबुया दारात चटईवर पालथी, झगा अंगावर, तोंड उजेडाकडे. मी जवळ बसलो.

"अंबुया, मी सांगतो त्यांना. आत्ता जातो."

तिने हात हलवला. बोलायला तिला एकेका शब्दाला थांबावं लागत होतं. "नको. सांगू नकोस. पोराला वाटू दे. मी त्याचं ऐकलं असं."

"गाडीत जागा आहे."

"त्या गाडीतून माझे दोन गेले." मग थोड्या वेळाने, "कसा दिसत होतास रे? फ्रॉकात?"

"तुझ्याहून बरा."

ती हसली आणि ते हसू खोकल्यात गेलं, आणि खोकला संपायला फार वेळ लागला. मी तिचं ऐकलं. लोक म्हणतील म्हातारीची इच्छा पाळली. माझी भीती आणि तिची इच्छा एकाच बाजूला उभ्या होत्या, एवढंच खरं.

तिसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर आली तेव्हा मै न्याशा शेताच्या बांधावरून ओरडली. मी चाकानेत्साच्या आधी पोचलो. अंबुयाचे ओठ शाईसारखे झाले होते. मी तसाच पळत सुटलो. तासाची वाट अर्ध्या तासात. दवाखान्याच्या दारातच ओरडायला लागलो, "तिने सुई घेतली नाही! मी घेतली! तिच्या नावाने मी घेतली!"

सिस्टर पट्टी बांधत होती. तिने हातातलं काम संपवलं आणि मग वर पाहिलं. तिला राग आला असता तर बरं झालं असतं.

"आज असं सांगायला आलेला तू तिसरा," ती म्हणाली. "एकाने मेहुण्याला पाठवलं होतं. एकीने बहिणीला. काल गाडी एक जागा रिकामी घेऊन गेली."

हार्डवर्क कोपऱ्यात उभा होता. वही त्याच्या हातात उघडी होती, आणि तो तिच्याकडे असं बघत होता की जणू ती दुसऱ्याच कुणाची आहे. मग त्याने वही मिटली, सिस्टरला विचारून प्राणवायूची लहान टाकी उचलली, सायकलीच्या मागे रबराने बांधली, आणि त्या गुडघ्यांनी पायडल मारायला लागला. मी बाजूने पळत होतो, टाकीला हात लावून. चिखलात सायकल दोनदा पडली. दोन्ही वेळा आम्ही एकमेकांकडे न बघता ती उचलली.

शेताच्या बांधाशी आलो आणि मै न्याशाचा हंबरडा ऐकू आला. हार्डवर्क सायकलवरून उतरला. टाकी सोडण्यात आता काही अर्थ नव्हता, तरी तो गाठी सोडत बसला.

कबर मी खणली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून. माती आता मऊ होती, कुदळ लोण्यात गेल्यासारखी जात होती. छातीइतकं खोल गेल्यावर वर हार्डवर्क येऊन उभा राहिला. बादली खाली सोडली, माती ओढून घेतली. चारपाच बादल्या झाल्यावर म्हणाला, "तू फाटकाला भोक पाडलंस, सोको."

"पाडलं."

"आणि मास्क काढा असं मी म्हटलं. वही बघून म्हटलं." त्याने बादली ओतली. "चाकानेत्साला?"

"त्याला माहीत नाही."

"मी सांगणार नाही. ते तुझं काम."

दुपारी लोक जमले. लांब लांब उभे राहा म्हटलं होतं, राहिले नाहीत. झगेवाले गात होते. गारिकाई कबरीपाशी गुडघ्यांवर बसला होता, त्याला कुणीतरी सांगितलं असावं की खोकला तो घेऊन आला. आईला खाली सोडल्यावर चाकानेत्सा माझ्याजवळ आला. डोळे सुजलेले. "सहविरा, सगळे फार रडले. आता तू हसव. आईला तुझं हसवणं आवडायचं."

सगळे माझ्याकडे वळले. सहविराने आता काहीतरी करायचं असतं. म्हातारी कशी चालायची, कशी शिव्या द्यायची, कुणाला झाडू घेऊन मारायची. लोक त्याची वाट बघतात, रडून थकलेले असतात.

मी हार्डवर्कसमोर जाऊन पाठ केली आणि वाकलो. "चढ."

"सोको, इथे नको."

"चढ म्हणतो ना."

तो चढला. लोकांमध्ये खसखस पिकली. मी कबरीभोवती चालायला लागलो आणि गाढव काढलं, पोटातून. बायकांनी तोंडावर हात धरले. "पैज मी हरलो!" मी ओरडलो. "अंबुयाने सुई घेतलीच नव्हती! तिचा फ्रॉक घालून मी घेतली! दोन्ही! नर्स मला म्हणाली, अंबुया, दंड आहे की वशिंड!" आता लोक फुटले. एक म्हातारा हसता हसता काठीवरून घसरला. "कार्ड खोटं होतं! दवाखान्यात मी गप्प उभा राहिलो! तिची गाडीतली जागा मी घालवली! मी मारली तिला!" जेवढं खरं बोलत होतो तेवढे ते हसत होते. "मेलं हे माकड," मै न्याशा डोळे पुसत म्हणाली, "मढ्यापुढेही सोडत नाही." चाकानेत्साही हसत होता, तोंड वेडंवाकडं करून, किती दिवसांनी.

मग त्याने वर पाहिलं. माझ्या पाठीवर हार्डवर्क रडत होता. त्याचं पाणी माझ्या मानेवर पडत होतं, मला कळत होतं.

चाकानेत्साचं हसणं एकदम गेलं नाही. हळूहळू उतरलं, डोळ्यांतून आधी, मग तोंडावरून. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी थांबलो.

"खरं?" त्याने विचारलं.

"खरं."

त्याने वळून कबरीकडे पाहिलं. मागे अजून काही जण हसत होते, काहींनी बंद केलं होतं.

"पैज कुठून कुठपर्यंत ठरली होती?"

"गिरणीपासून गुरांच्या हौदापर्यंत."

"ही काय गिरणी आहे?"

"नाही."

"मग चल."

तो पुढे झाला, आम्ही मागे. पंचवीसतीस माणसं निघाली, उरलेली कबरीपाशी राहिली. हार्डवर्क खाली उतरून गिरणीपर्यंत चालत आला. तिथे हार्डवर्क पुन्हा माझ्या पाठीवर चढला. त्याला चढायचं नव्हतं, चाकानेत्साने नुसतं पाहिलं. मी चालायला लागलो. दुकानातली माणसं बाहेर आली, त्यांना वाटलं जुना खेळ पुन्हा लागला, आणि टाळ्या वाजवून हसायला लागली. न्हावी कात्री घेऊन दारात. "अरे, आज उलटं कसं?" मग त्यांनी आमच्या मागे येणारे पाहिले, पांढरे झगे, मै न्याशा, गारिकाई, आणि एकेका दारातलं हसणं बंद पडत गेलं. न्हाव्याने टोपी काढली. रस्त्यावर फक्त माझा आवाज राहिला. हौद अजून लांब होता. पाय वाकत होते. हार्डवर्कने कानाशी पुटपुटलं, "बस झालं, सोको," आणि मी आवाज जरा खाली आणला.

चाकानेत्सा माझ्या शेजारून चालत होता, समोर बघत.

"मोठ्याने," तो म्हणाला.

मी ओरडलो.